२५ टक्क्यांचा दावा : उर्गेंडा विरुद्ध नेदरलँड्स सरकार

२० डिसेंबर २०१९ रोजी हेगमध्ये नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने उर्गेंडा या पर्यावरण संस्थेच्या दाव्यातले सरकारचे शेवटचे अपील फेटाळले. त्यामुळे खालच्या न्यायालयाचा आदेश कायम झाला : २०२० संपेपर्यंत देशाचे हरितगृह वायूंचे उत्सर्जन १९९० च्या तुलनेत किमान २५ टक्क्यांनी कमी झाले पाहिजे. एखाद्या सरकारने उत्सर्जन इतके आणि अमुक तारखेपर्यंत घटवावे, असा आदेश शेवटच्या पायरीपर्यंत टिकण्याची जगातली ही पहिलीच वेळ. निकाल लागला तेव्हा मुदतीला जेमतेम वर्ष उरले होते.

हवामान बदल आणि न्यायालये हा विषय निघाला की या खटल्याचे नाव हमखास येते, आणि बहुतेक वेळा विजयगाथा म्हणूनच येते. तो विजय होताच, त्याचे मोल मला कमी करायचे नाही. पण हा मार्ग दुसऱ्या कुणाला चोखाळायचा असेल, तर विजयापेक्षा त्याची बांधणी समजून घेणे जास्त उपयोगाचे आहे. दाव्यात मागितले होते ४० टक्के, मिळाले २५. हा २५ चा आकडा कुठून आला आणि तोच का टिकला, हा माझ्या मते या प्रकरणाचा गाभा आहे. तो आकडा वादींनी स्वतः शोधून काढलेला नव्हता, तो सरकारच्याच कागदांत होता.

दाव्याआधीचे नेदरलँड्स

या देशाचा सुमारे पाव भाग समुद्रसपाटीखाली आहे. बांध, पंप आणि कालवे यांच्या जोरावर तो कोरडा राहतो. समुद्राची पातळी वाढली तर काय होईल, हे तिथल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. तरीही हवामानाच्या बाबतीत हा देश युरोपात आघाडीवर नव्हता. ग्रोनिंगनचा नैसर्गिक वायू, रॉटरडॅमचे बंदर, तेलशुद्धीकरण कारखाने आणि काचगृहांतली शेती, सगळीच अर्थव्यवस्था इंधनावर उभी. त्यातच त्या काळात कोळशावर चालणारी तीन नवी वीजकेंद्रे बांधून होत आली होती.

सरकारचे धोरण मात्र सुरुवातीला बरे होते. २०२० पर्यंत ३० टक्के कपात हे देशाचे स्वतःचे लक्ष्य होते. २००९ मध्ये पर्यावरणमंत्र्यांनी संसदेला लिहिलेल्या पत्रात स्पष्ट म्हटले होते की, तापमानवाढ २ अंशांच्या आत ठेवण्याचे उद्दिष्ट आवाक्यात राहायचे असेल तर विकसित देशांनी २०२० पर्यंत २५ ते ४० टक्के कपात करणे गरजेचे आहे. हा पट्टा आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २००७ च्या चौथ्या अहवालातला. पुढे सरकार बदलले आणि ३० टक्क्यांचे लक्ष्य सोडून दिले गेले. आता आम्ही युरोपीय संघाच्या २० टक्क्यांच्या सामाईक लक्ष्यात आमचा वाटा उचलू, एवढेच नवे सरकार म्हणू लागले. त्या वाटेने गेले तर देशाची प्रत्यक्ष कपात १४ ते १७ टक्क्यांच्या घरात राहील, असे सरकारी अंदाजच सांगत होते.

लक्ष्य खाली आणले, पण ते का आणले याचे शास्त्रीय कारण सरकारने कधीच दिले नाही. ३० टक्के गरजेचे नाहीत असे कुणी नवे संशोधन म्हणत नव्हते. पुढे तिन्ही न्यायालयांत सरकारला नडली ती हीच गोष्ट.

उर्गेंडा ही मारयान मिन्नेस्मा यांच्या नेतृत्वाखालची छोटी संस्था. सौर पॅनेलची एकत्रित खरेदी, घरांचे ऊर्जानियोजन, विजेवरच्या गाड्या अशी कामे ती करत होती, म्हणजे केवळ निषेध नोंदवणारी नव्हती. संस्थेचे वकील रॉजर कॉक्स यांची अनेक दिवसांपासूनची मांडणी अशी होती, की हवामानाच्या प्रश्नावर राजकारण अडकून पडले असेल तर नेहमीच्या दिवाणी कायद्यातूनही वाट काढता येईल. नोव्हेंबर २०१२ मध्ये संस्थेने सरकारला पत्र लिहून ४० टक्क्यांची मागणी केली. सरकारचे उत्तर सभ्य होते. चिंता आम्हालाही आहे, पण एकट्या देशाने काय होणार, असा त्याचा सूर. वर्षभराने, २० नोव्हेंबर २०१३ रोजी, संस्थेने ८८६ नागरिकांना सोबत घेऊन हेगच्या जिल्हा न्यायालयात दावा दाखल केला. मागणी अशी : ४० टक्के, आणि ते शक्य नसेल तर किमान २५ टक्के.

या 'किमान'वर लक्ष ठेवा. अख्खा खटला शेवटी त्यावर तरला.

तळघराचे झाकण

दावा कुठल्या कायद्याखाली? हवामान कायदा तेव्हा देशात नव्हता. राज्यघटनेचे २१ वे कलम देश राहण्याजोगा ठेवण्याची आणि पर्यावरण जपण्याची जबाबदारी सरकारवर टाकते, पण नागरिकाला त्यावरून थेट हक्क मागता येत नाही. आंतरराष्ट्रीय हवामान करार देशादेशांतले, त्यांवरही नागरिकाला दावा लावता येत नाही. वकिलांनी म्हणून अगदी जुने आणि साधे हत्यार उचलले. निष्काळजीपणाने दुसऱ्याला इजा होऊ देणारा भरपाईला जबाबदार असतो, हे दिवाणी कायद्यातले तत्त्व.

डच वकिलांना हे तत्त्व एका अपघातावरून पाठ असते. अॅमस्टरडॅममधल्या एका कॅफेत शीतपेयांची खोकी पोचवायला आलेल्या माणसाने शौचालयाकडे जाणाऱ्या वाटेवरचे तळघराचे झाकण उघडे ठेवले. एक गिऱ्हाईक त्यातून खाली पडले आणि पायाला जबर इजा झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६५ मध्ये न्यायालयाने कसोट्या घालून दिल्या. लोक बेसावध असण्याची शक्यता किती? त्यातून अपघात होण्याची शक्यता किती? झालाच तर तो किती गंभीर असेल? आणि तो टाळण्यासाठी जे करायचे ते किती अवघड किंवा खर्चिक आहे? गिऱ्हाइकाने बघून चालायला हवे होते, हे कोर्टाने मान्य केले. पण माणसे नेहमी बघून चालत नाहीत हे झाकण उघडणाऱ्याने धरून चालायला हवे, असेही सांगितले.

जिल्हा न्यायालयाने याच कसोट्या सरकारला लावल्या. धोका माहीत आहे का? सरकारने तो स्वतःच मान्य केला आहे. गंभीर आहे का? अतिशय. टाळण्यासाठी करायचे ते आवाक्यातले आहे का? तेही, कारण ३० टक्क्यांचे लक्ष्य याच सरकारने काही वर्षांपूर्वी शक्य आणि परवडणारे मानले होते. मग झाकण उघडे का ठेवले? २४ जून २०१५ रोजी निकाल लागला : किमान २५ टक्के. पॅरिस करार अजून सहा महिने दूर होता.

या निकालाने मला सर्वांत जास्त शिकवले ते पुराव्याबद्दल. हवामान बदल मानवनिर्मित आहे की नाही, यावर न्यायालयात वादच झाला नाही. तज्ज्ञांची उलटतपासणी नाही, आलेखांची झटापट नाही. आयपीसीसीच्या अहवालांच्या सारांशावर सरकारांची सहमती असते आणि त्यात नेदरलँड्सही होते. जे स्वतः मान्य केले ते कोर्टात नाकारायचे कसे? विज्ञानाचा मुद्दा असा बिनविरोध पार पडला आणि उरला तो फक्त कर्तव्याचा प्रश्न.

सरकारचे बचाव

पहिला बचाव सगळ्यांच्या ओळखीचा. जगाच्या उत्सर्जनात नेदरलँड्सचा वाटा सुमारे ०.५ टक्का. हा तर खारीचाही वाटा नाही, आम्ही शून्यावर आलो तरी तापमानात फरक मोजता येणार नाही, असे सरकारचे म्हणणे. तीनही न्यायालयांनी याला जवळपास एकच उत्तर दिले. प्रत्येक देशाने असे म्हटले तर कुणीच जबाबदार राहत नाही. दरडोई उत्सर्जन जास्त असलेल्या श्रीमंत देशाला तर हे म्हणताच येणार नाही. आणि प्रश्न साठ्याचा आहे. वातावरणात किती कार्बन अजून मावेल याला मर्यादा आहे, त्यामुळे न टाकलेला प्रत्येक टन मोजला जातो. सर्वोच्च न्यायालयाने याला आंशिक जबाबदारीचे रूप दिले : आपल्या वाट्यापुरते प्रत्येक देशाला उत्तर द्यावेच लागेल. या खटल्यातला जगभर सर्वाधिक उपयोगी पडलेला मुद्दा बहुधा हाच. छोट्या वाट्याचा बचाव प्रत्येक देशात होतो आणि त्याला आता एक लेखी, तपासलेले उत्तर आहे.

दुसरा बचाव तांत्रिक. युरोपात मोठ्या कारखान्यांचे उत्सर्जन परवान्यांच्या बाजारातून चालते. आम्ही इथे कोळसा बंद केला तर ते परवाने दुसऱ्या देशातला कारखाना विकत घेईल, एकूण उत्सर्जन तेवढेच राहील, असा युक्तिवाद. तो अगदीच पोकळ नव्हता, अर्थशास्त्रज्ञांतही त्यावर मतभेद होते. न्यायालयांनी एवढेच म्हटले की, सगळी घट अशी वाया जाईल हे सरकारने दाखवून दिलेले नाही आणि इतर युरोपीय देश स्वतःची वेगळी पावले उचलतातच.

तिसरा बचाव खरा कसाचा होता : न्यायाधीशांनी धोरण ठरवायचे का? उत्सर्जन कमी करायचे म्हणजे कर, अनुदाने, वीजकेंद्रे, शेती, वाहतूक, घरे. यात कुणाच्या खिशाला किती कात्री लावायची हे ठरवणे संसदेचे काम. शिवाय २००३ मध्ये, शेतीतल्या नायट्रेट प्रदूषणाच्या प्रकरणात, याच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की न्यायालय सरकारला अमुक कायदा कर असा आदेश देऊ शकत नाही. सरकारने त्याच निकालावर बोट ठेवले.

उत्तर दाव्याच्या रचनेतच होते. उर्गेंडाने कोळसा बंद करा असे मागितलेच नव्हते, कार्बन कर किंवा अमुक कायदाही मागितला नव्हता. मागणी फक्त परिणामाची होती. २५ टक्के कसे गाठायचे ते सरकार आणि संसद ठरवतील, कायदा करायचा की कायद्याशिवाय करायचे तेही त्यांनीच पाहायचे. त्यामुळे कायदा करण्याचा आदेश दिला गेला असे म्हणता येईना. हक्कांची पायमल्ली होते आहे का हे तपासणे मात्र न्यायालयाचेच काम, तेही लोकशाहीचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठामपणे म्हटले.

अपिलाने उलट काय केले

पहिल्या निकालानंतर सरकारने अपील केले. हा निर्णय माझ्या मते सरकारला महागात पडला. जिल्हा न्यायालयाने मानवी हक्कांचा आधार थेट घेतला नव्हता. संस्था स्वतः 'पीडित' नाही, म्हणून युरोपीय मानवी हक्क संहितेवर तिला थेट विसंबता येणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. अपिलात उर्गेंडाने याच मुद्द्याला आव्हान दिले. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी अपील न्यायालयाने ते मान्य केले आणि निकाल जीविताचा हक्क (कलम २) आणि खासगी व कौटुंबिक जीवनाचा हक्क (कलम ८) यांवर उभा केला. डच दिवाणी कायद्यापुरता राहिला असता तो निकाल आता युरोपातल्या चाळीसहून अधिक देशांना लागू असलेल्या संहितेच्या भाषेत आला. सरकार वर गेले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

अपिलात एक गोष्ट मात्र कायमची बंद झाली. २५ च्या वरची मागणी फेटाळली गेली होती आणि त्याविरुद्ध उर्गेंडाने अपील केले नव्हते. त्यामुळे २५ हीच कमाल झाली. आयपीसीसीच्या पट्ट्याची खालची कड, म्हणजे विज्ञानाच्या भाषेत कमीत कमी, ती आदेशाच्या भाषेत जास्तीत जास्त ठरली. न्यायालयाची भूमिका समजण्यासारखी आहे. सरकारला निवडीची मोकळीक असते आणि २५ ते ४० मधला कुठलाही आकडा सरकार निवडू शकते, पण त्याखाली जाऊ शकत नाही. म्हणजे न्यायालयाने महत्त्वाकांक्षा ठरवली नाही, तळ ठरवला. या मार्गाकडून याहून जास्तीची अपेक्षा धरणाऱ्यांनी हे पक्के लक्षात ठेवावे.

आकडा नसेल तर काय होते

माझे म्हणणे पडताळायचे तर शेजारचे काही खटले पाहा.

उर्गेंडाच्या निकालाला महिनाही झाला नव्हता, तोच १७ जानेवारी २०२० रोजी अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ज्युलियाना खटला काढून टाकला. २१ मुला-तरुणांनी २०१५ मध्ये लावलेला तो दावा. धोका खरा आहे, सरकारचा त्यात हात आहे, हे सगळे न्यायालयाने मान्य केले. पण मागणी होती जीवाश्म इंधने टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या संपूर्ण राष्ट्रीय योजनेची. असा आदेश देणे आणि त्यावर वर्षानुवर्षे देखरेख करणे आमच्या अधिकारात नाही, असे बहुमताने ठरले. दुःख तेच आणि विज्ञानही तेच, पण सरकारने स्वतः मान्य केलेला आकडा तिथे नव्हता.

नेदरलँड्समध्येच रॉजर कॉक्स यांनी पुढे शेल कंपनीविरुद्धचा खटला लढवला. २०२१ मध्ये जिल्हा न्यायालयाने कंपनीला २०३० पर्यंत ४५ टक्के कपातीचा आदेश दिला. जगभर खळबळ उडाली. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी अपील न्यायालयाने तो रद्द केला. कंपनीवर कर्तव्य आहे हे या न्यायालयानेही मान्य केले. पण एका कंपनीने किती टक्के कपात करावी यावर विज्ञानात सहमती नाही, म्हणून टक्केवारी लादता येत नाही, असे ठरले. देशासाठी सहमतीचा पट्टा होता, कंपनीसाठी नव्हता. वकील तोच, शहर तेच, फरक पडला आकड्याने.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ रोजी एम. के. रणजितसिंह प्रकरणात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क घटनेच्या १४ व्या आणि २१ व्या कलमांत वाचला. हे मोठे पाऊल आहे, याबद्दल दुमत नाही. पण मूळ प्रकरण माळढोकाच्या अधिवासातून जाणाऱ्या वीजवाहिन्यांचे होते, कपातीचा कुठलाही आकडा त्यात मागितलेला नव्हता. त्यामुळे हक्क जाहीर झाला, सरकारने अमुक तारखेपर्यंत अमुक करावे असे काही त्यातून निघाले नाही.

आणि उलट बाजूने पाकिस्तान. सप्टेंबर २०१५ मध्ये लाहोर उच्च न्यायालयाने अशगर लेघारी या शेतकऱ्याच्या याचिकेवर आदेश दिला. याचिकेचे म्हणणे एवढेच, की सरकारने २०१२ मध्ये हवामान धोरण केले, २०१४ ते २०३० चा अंमलबजावणी आराखडा केला, मग तो राबवत का नाही? न्यायमूर्ती सय्यद मन्सूर अली शाह यांनी खात्याखात्यांना जबाबदार अधिकारी नेमायला लावले आणि कामावर लक्ष ठेवायला आयोग बसवला. गरीब देश, दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरचे खजिने, तरी आदेश निघाला आणि काम हलले. कारण कागद सरकारचाच होता.

मुदतीपर्यंतची साडेपाच वर्षे

आता या प्रकरणाचा मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग. जून २०१५ चा आदेश अपील चालू असतानाही लागू होता. त्याला स्थगिती नव्हती. सरकारने आम्ही तो पाळू असे जाहीरही केले. पण पाळण्याची घाई कुठेच दिसली नाही. नवी कोळसा केंद्रे वीज बनवू लागली. २०१८ अखेर देशाचे उत्सर्जन १९९० पेक्षा सुमारे १५ टक्केच कमी होते. अपिलात सरकारने नवा अंदाज पुढे केला : २०२० मध्ये आपण २३ टक्क्यांवर असू, पण त्याला १९ ते २७ असा मोठा कमीजास्तपणा. एवढ्या धूसर अंदाजावर विसंबता येणार नाही, असे न्यायालयाने सुनावले.

आदेशाला दंडाची जोड नव्हती. आकडा चुकला तर रोज इतके युरो भरा, अशी काही तरतूद नाही. मधले टप्पे नाहीत, सहा-सहा महिन्यांनी न्यायालयात अहवाल द्या, असेही नाही. शेवटच्या तारखेला आकडा दिसला पाहिजे, एवढेच. अशा आदेशावर कुठलेही सरकार जे करते तेच या सरकारने केले, बरेचसे काम शेवटच्या वर्षावर ढकलले.

तरी काही घडले आणि ते नोंदवले पाहिजे. अॅमस्टरडॅमचे हेमवेग कोळसा केंद्र आधी ठरलेल्या वेळेच्या कितीतरी आधी, २०१९ च्या अखेरीस बंद झाले. कोळशापासून वीज बनवण्यावर २०३० पासून पूर्ण बंदी घालणारा कायदा झाला. २०१९ मध्येच हवामान कायदाही झाला आणि २०३० साठी ४९ टक्क्यांचे उद्दिष्ट त्यात आले. हे सगळे एकट्या खटल्यामुळे झाले असे मी म्हणणार नाही. पण खटल्यापूर्वी संसदेत हा विषय कोपऱ्यात होता आणि खटल्यानंतर तो निवडणुकीतला मुद्दा झाला, हे खरे आहे. सर्वोच्च निकालानंतर उर्गेंडाने स्वतःच ५४ उपायांची यादी सरकारसमोर ठेवली. एप्रिल २०२० मध्ये सरकारने जो कार्यक्रम जाहीर केला त्यात तिच्यातले बरेच उपाय आले : उरलेल्या कोळसा केंद्रांच्या उत्पादनात मोठी कपात, घरांच्या उष्णतारोधनाला अनुदान, काचगृहांसाठी एलईडी दिवे, डुक्करपालन कमी करण्याला पैसे. खटला जिंकणाऱ्यानेच अंमलबजावणीची यादी हातात ठेवणे, ही गोष्ट इतर खटल्यांत क्वचितच दिसते. संस्था आधीपासून प्रत्यक्ष काम करत होती म्हणूनच तिला ते जमले.

एक चूक मात्र सर्रास छापली जाते, तीही सांगतो. मार्च २०२० पासून डच महामार्गांवर दिवसा वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर झाली. तिचे श्रेय उर्गेंडाला दिले जाते. वेगमर्यादा खाली आली ती नायट्रोजन प्रदूषणावरच्या मे २०१९ च्या वेगळ्या निकालामुळे. तोही न्यायालयीनच आदेश, आणि परिणामाच्या दृष्टीने जास्त झोंबणारा, कारण त्याने बांधकामे आणि शेतीचे परवाने तिथल्या तिथे थांबवले. परवाना अडला की सरकार आठवड्यात हलते, दूरच्या तारखेचा आकडा त्याला इतके हलवत नाही. हवामान खटल्यांची आखणी करणाऱ्यांनी या दोन डच निकालांची तुलना नक्की करावी.

२०२० आले, आणि कपात २५ टक्क्यांच्या किंचित वर गेली. आदेश पाळला गेला. पण कशामुळे? हिवाळा सौम्य होता. वायू स्वस्त होता आणि कार्बन परवाने महाग, त्यामुळे कोळसा केंद्रे तोट्यात जाऊन थंडावली. आणि महासाथीने वाहने, विमाने, कारखाने थांबवले. सरकारी उपायांचा वाटा होता, पण एवढे सगळे एकत्र जुळून आले नसते तर आकडा गाठला गेला असता, असे मला वाटत नाही. पुढच्याच वर्षी ते उघड झाले. २०२१ मध्ये उत्सर्जन पुन्हा वाढले आणि कपात २४ टक्क्यांच्या आसपास उतरली. वायू महागला आणि कोळसा परतला. जानेवारी २०२२ मध्ये कोळसा केंद्रांवर ३५ टक्के उत्पादनाची मर्यादा लागू झाली. युक्रेन युद्धानंतर, जूनमध्ये, ती उठवलीही गेली. आदेश '२०२० अखेर' एवढाच होता. त्यानंतर तळ किती, यावर तो गप्प आहे.

दुसऱ्या बाजूने कंपन्याही न्यायालयात गेल्या. कोळसा केंद्रांच्या मालक असलेल्या आरडब्ल्यूई आणि युनिपर यांनी, ऊर्जा क्षेत्रातल्या परदेशी गुंतवणुकीला संरक्षण देणाऱ्या ऊर्जा सनद करारावर बोट ठेवून, नेदरलँड्सविरुद्ध आंतरराष्ट्रीय लवादात धाव घेतली. आरडब्ल्यूईची मागणी सुमारे १.४ अब्ज युरोंची. देशांतर्गत न्यायालयाने २०२२ मध्ये त्यांची भरपाईची मागणी फेटाळली आणि पुढे लवादातले दावेही मागे घेतले गेले. तरी सरकारला कोंडीत धरण्याचा हा रस्ता कंपन्यांनाही तितकाच मोकळा आहे आणि त्यांच्या आदेशांना रकमेची जोड असते, हे त्यातून दिसले.

पुढच्यांसाठी

उर्गेंडाच्या पाठोपाठ युरोपात बरेच घडले. जर्मनीच्या घटना न्यायालयाने २०२१ मध्ये हवामान कायद्याचा काही भाग अपुरा ठरवला, आणि काही महिन्यांतच संसदेने २०३० चे उद्दिष्ट ५५ वरून ६५ टक्क्यांवर नेले. बेल्जियममध्ये ब्रुसेल्सच्या अपील न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये २०३० साठी ५५ टक्क्यांचा आकडा घालून दिला. ९ एप्रिल २०२४ रोजी स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने स्विस ज्येष्ठ महिलांच्या संघटनेच्या बाजूने निकाल दिला. उर्गेंडाने अपिलात मिळवलेले ८ वे कलम तिथे कामी आले. जुलै २०२५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्लागार मतात देशांची ही जबाबदारी कायदेशीर असल्याचे सांगितले.

माझ्या मते यांतला स्विस निकाल सर्वांत नीट वाचण्याजोगा आहे, कारण उर्गेंडाच्या आदेशात जे राहून गेले ते तो मागतो. देशाने आपले कार्बन अंदाजपत्रक (यापुढे एकूण किती कार्बन सोडायचा याची मर्यादा) किंवा तसाच मोजमापाचा आधार ठरवावा, मधल्या टप्प्यांची लक्ष्ये कायद्यात लिहावीत आणि ती पाळली का ते दाखवावे, असे तो सांगतो. स्वित्झर्लंडने स्वतःचे २०२० चे लक्ष्य चुकवले होते, तेही त्याच्याविरुद्ध गेले. टक्केवारी मात्र या न्यायालयाने ठरवून दिली नाही, ती देशावर सोपवली. निकालानंतर दोन महिन्यांत स्विस संसदेने आम्ही पुरेसे केले आहे असा ठराव केला. तेवढ्याने प्रकरण मिटलेले नाही, कारण अंमलबजावणीवर युरोप परिषदेची मंत्रीसमिती लक्ष ठेवते आणि देशाला तिला अहवाल द्यावे लागतात. उर्गेंडाच्या वेळी अशी देखरेख कुणाकडेच नव्हती, आणि म्हणूनच जून २०१५ ते एप्रिल २०२० ही वर्षे वाया गेली. हे अंदाजपत्रक आणि मधली लक्ष्ये ज्या देशात लिहिली जातील, तिथल्या पुढच्या वादींना लागणारा आकडा पुन्हा सरकारच्याच कागदावर असेल.